निनावी कागद

राळेगणसिद्धीला आम्ही बापलेक गेलो ते तिथलं अडवलेलं पाणी पाहायला. माझ्या खिशात तंबाखूची पुडी होती. विडी, सिगारेट, तंबाखू गावात विकायची नाही, असं या गावानं ठरवलेलं. बाहेरून आणलेलीचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी हात खिशावरच ठेवला.

१९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, दारूच्या भट्ट्या बंद करवल्या, आणि न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून पट्ट्यानं फटकावलं. हे अण्णांनीच सांगितलेलं. मी ते चिरंजीवांना जरा रंगवून सांगितलं. तो नववीत आहे. म्हणाला, "मग इथल्या मुलांना कुणी विचारलं, तर ती खरं सांगतील?"

प्रश्न सुचायला कारण होतं. त्याच्या शाळेत नुकताच एक छापील कागद भरून घेतला होता. गेल्या ३० दिवसांत किती दिवस सिगारेट ओढली, तंबाखू खाल्ली? नाव लिहायचं नाही. अमेरिकेतल्या शाळांत १९९१ पासून असे कागद भरून घेतात, चीननंही घेतले. आपल्याकडे २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरतात असं निघालं. त्या दशांशचिन्हापाशी माझ्यातला कारकून थबकतो. काही पोरं भीतीनं कमी लिहिणार, काही ऐटीत जास्त. दोन उलट चुका झाल्या की आमचीही तेरीज झकास जुळते!

आमच्या वेळी मोजणी सोपी होती. सर छडी घेऊन म्हणत, "विडी ओढणारे पुढे या." कुणी हलत नसे. वर्गाचं प्रमाण कायम शून्य टक्के. त्या शून्यात मी होतो, आणि माझ्या चड्डीच्या खिशातलं थोटूकही होतं.

पण खरेपणा हा जर माणसाचा गुण, तर नाव खोडल्याबरोबर तो वाढतो कसा?

"तू काय लिहिलंस रे?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"निनावी होतं, बाबा."

"मी काय परका आहे?"

"नाही ना. म्हणूनच."

वीस वर्षं मी काउंटरवर बसून बापांना त्यांच्या कर्त्या मुलांच्या खात्यातली शिल्लक सांगत नाही. नियम आहे, असं चढ्या आवाजात ऐकवतो. आज काउंटरच्या पलीकडे मी उभा होतो. आणि खरं सांगायचं, तर मला खरं नकोच होतं. 'शून्य' हवं होतं. तो म्हणाला असता, तर मी पडताळणी न करता जमा करून घेतलं असतं.

परतीच्या एसटीत एका जुन्या स्लिपच्या पाठीवर तोच प्रश्न मी स्वतःसाठी लिहिला. नाव नाही, खांब नाही, पट्टा नाही. दिवाळीपासून तंबाखू सोडल्याचं घरात जाहीर केलेलं होतं. पेन आपसूक शून्य काढू लागलं. वर्तुळ निम्मं झालं असेल नसेल...

"बाबा," खिडकीबाहेर बघत चिरंजीव म्हणाले, "खिशाला चुना लागलाय."