मुठीतला चिंचोका

आजचं मनन घरात करायचं नाही. चिंचपोकळी स्टेशनावर या. दुपारी तीनच्या सुमारास फलाटावर जरा उसंत असते, संध्याकाळची गर्दी अजून लांब असते. मोकळा बाक बघून बसा. येताना घरून एक चिंचोका आणा. नसलाच, तर स्वयंपाकघरातल्या चिंचेच्या गोळ्यात एखादा अडकलेला सापडतोच. तो डाव्या मुठीत धरा. डोळे मिटायची सक्ती नाही. पिशवी मात्र मांडीवर असू द्या. मनन चालू असलं, तरी ही मुंबईच आहे.

आधी नुसतं ऐका. इथे धीमी गाडी थांबते, जलद गाडी थांबत नाही. जलद गाडी येईल, फलाटावरची हवा ओढून नेईल, कागदाचा एखादा कपटा उडवून जाईल. जाऊ द्या. ती गेल्यावर मागे काय उरतं ते ऐका. कावळा. पुलावरच्या वाहनांची घरघर. कुणाच्या तरी मोबाइलवरचं बोलणं, ज्यातलं एकच वाक्य आपल्याला कळतं. यातलं काहीही बंद व्हायला हवं असं मनात आणू नका. श्वास आपल्या चालीने येऊ द्या, धीम्या गाडीसारखा.

आता या जागेचं नाव मनात म्हणा, तोडून म्हणा. चिंच. पोकळी. गाडीतल्या उद्घोषणेने ते इतक्या वेळा कानावर घातलं आहे, की ते आता कानात शिरत नाही. चिंचांमधली खोलगट जागा, असा या नावाचा अर्थ सांगतात. तेवढी जागा डोळ्यांपुढे आणा. मग बाजूची नावं एकेक करून घ्या, प्रत्येकापाशी एक श्वास थांबा. वडाळ्याचा वड. उंबरखाडीचा उंबर. ताडदेवचा ताड. फणसवाडी. बाबुलनाथाची बाभूळ. पुन्हा एक चिंच, चिंचबंदरची. यांतल्या एखाद्या व्युत्पत्तीवर अभ्यासक भांडतीलही. मनन करताना भांडण बाजूला ठेवता येतं, ही त्यातली सोय. लाकूड गेलं, सावली गेली, पण पोस्टाच्या पत्त्यांत हे रान अजून उभं आहे.

चिंचेपाशी जरा जास्त वेळ थांबू. तिची बारीक पानं संध्याकाळी मिटतात. कच्ची चिंच आणि पिकली चिंच यांच्यामध्ये आपल्याकडे ‘गाभुळलेली’ ही वेगळी पायरी आहे. आतला गर टरफलापासून सुटलेला, आंबटपणा उतरू लागलेला, पण अजून घाई करता येत नाही अशी. हा शब्द मनात ठेवा, पुढे लागेल. आणि ही चिंच मुळात इथली नव्हे. ती आफ्रिकेची. फार जुन्या काळी ती इथे आली आणि इतकी रुजली, की अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ असं नाव दिलं. कोकणातून, घाटावरून बोचकं घेऊन या गिरणगावात उतरलेल्या माणसांचं तरी दुसरं काय झालं?

आता मूठ थोडी आवळा. चिंचोक्याची कड बोटांना लागू द्या.

याच चिंचोक्याच्या पिठाची खळ करतात आणि ती सुताला देतात. मागावर चढणारा ताणा आधी खळीतून काढतात, कारण विणताना धागे सतत एकमेकांवर, फणीवर घासत राहतात. कोरं सूत ते सोसत नाही, तुटतं. खळ लावल्याने घासणं थांबत नाही. घासूनही धागा शाबूत राहतो, एवढंच. या वाक्याशी दोन श्वास बसा. मी स्वतः त्याच्याशी बराच काळ बसलो आहे.

घासणं थांबलं, की काय होतं ते या वस्तीला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. भोंगे थांबले, खाती थांबली, माग थांबले. शांतता मात्र भरपूर झाली. त्या शांततेत घरोघरी काय चाललं होतं, हे आजही चाळीतल्या कुणालाही विचारा. वर्गात गुरुजी छडी आपटून म्हणतात ती शांतता आणि आपण शोधतो ती शांती, हे दोन शब्द एका धातूतून निघाले असले, तरी सख्खे नाहीत.

श्वास सोडा. या रुळांवरून मनाने पूर्वेकडे निघू. ज्या मुलखातून कापसाच्या गाठी मुंबईला येत, तिकडे. वर्ध्याजवळ सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधी तिथे राहायला गेले, तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. पुढच्याच वर्षी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. आशादेवी आणि आर्यनायकम या जोडप्याने तो सेवाग्रामच्या शाळेत उतरवला. मुलं कापूस वेचत, पिंजत, कातत, आणि त्या सुतातूनच गणित नि भूगोल शिकत. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरचे शांतिवादी आधी शांतिनिकेतनात आणि मग याच सेवाग्रामात जमले. ज्याला भेटायचं मनात धरून या बैठकीचा घाट घातला होता, तो माणूस तेव्हा नव्हता. रिकाम्या जागेभोवती बसलेली ती माणसं कल्पनेने पाहा. काही बोलू नका. नुसतं त्यांच्यात बसा.

तिथून आणखी पूर्वेला. गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका, मेंढा (लेखा). गोंडांचं छोटं गाव, भोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल. अभ्यास आणि शांती एकाच सावलीत कशी नांदतात, ते मला या गावाने दाखवलं, आणि तिथे कॉलेजची पाटी नाही. देवाजी तोफांसारखे गावकरी आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगट रुजवला. अभ्यासगटात कुणीही बसावं, काहीही विचारावं, बाहेरच्या जाणत्याला बोलवावं. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचा. आणि ग्रामसभेत मतदान नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय तसाच ठेवायचा. एकाचा जरी नकार असला, तरी थांबायचं, पुन्हा बसायचं.

गाभुळू द्यायचं.

आपल्याला, हात वर करून मोजून मोकळं होणाऱ्यांना, हे संथ वाटेल. पण याच संथ गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. मोहोळ जाळून मध काढायचा, की माशी न मारता, हाही तिथे अभ्यासाचा विषय झाला. अहिंसेचा धडा पुस्तकातून पोळ्यापर्यंत पोचलेला मी तरी दुसरीकडे फारसा पाहिला नाही.

तुमच्या मनातला एक माणूस आता समोर आणा. फार मोठा शत्रू नको. सोसायटीच्या बैठकीत दर वेळी आडवा येणारा, भावकीतला, नाहीतर कचेरीतला. त्याचा नकार ऐका. खोडू नका, उत्तर जुळवू नका. तो म्हणतो ते त्याच्याच शब्दांत एकदा मनात म्हणा. छातीत काही घासेल. घासू द्या. तुटतंय का, एवढंच बघा. तुटत असेल, तर विषय आज इथेच ठेवा. पुन्हा बसता येईल.

हळूहळू स्टेशनावर परत या. इथून चालत जाण्याच्या अंतरावर सात रस्त्याला कस्तुरबांच्या नावाचं साथीच्या रोगांचं रुग्णालय आहे. २०२० च्या मार्चमध्ये शहराचे पहिले करोना रुग्ण तिथेच ठेवले होते. तिथेच आर्थर रोडचं कारागृह, त्याची ती उंच भिंत. आणि ताडदेवच्या रस्त्यावर मुंबई सर्वोदय मंडळ. मंडळाची माणसं महाराष्ट्रातल्या कारागृहांत गांधी-विचाराच्या परीक्षा घेतात. कैद्यांना पुस्तक देतात, वाचायला वेळ देतात, मग प्रश्नपत्रिका. आतल्या एखाद्याने पान उलटलं असेल, असं समजा. त्याला कंटाळा आला असेल, असंही समजा. तो पुढचं पान उलटतो का, याची वाट बघत चार श्वास घ्या.

पुन्हा एक जलद गाडी जाईल. कपटा पुन्हा उडेल.

आता मूठ उघडा. चिंचोका गरम झाला असेल.