भयाचे भांडवल

अल्प खर्चात काढलेल्या राक्षसपटाची चेष्टा करण्यासारखे सोपे काम दुसरे नसेल. रबरी मुखवटा हनुवटीखाली सुटलेला असतो, अमावास्येची म्हणून सांगितलेली रात्र भर दुपारी चित्रित झाल्याचे सावल्याच जाहीर करतात, आणि नायिका किंचाळण्यापूर्वी क्षणभर कुणाच्या तरी इशाऱ्याची वाट पाहते. हे दोष खरे आहेत. परंतु केवळ त्यांची यादी करून निकाल देणारा टीकाकार निर्मात्याची कैफियतच मान्य करीत असतो. निर्मात्याचे म्हणणे एवढेच, की पैसा नव्हता; आणि दोष जर सारे साधनांचेच असतील, तर ही सबब पुरेशी ठरून आरोपी निर्दोष सुटावयास हवा. माझ्या मते तो सुटू नये. ज्या भयावर हे चित्रपट उभे असतात ते भय कुणाच्याही जगण्यातून मिळवलेले नसते, हे त्यांचे खरे दारिद्र्य असून, ते खर्चाच्या वहीत कधीच नोंदले जात नाही.

आपल्या मुलखात या व्यवसायाची गादी रामसे घराण्याची. १९७० सालचा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' तिकीटबारीवर पडला. पण त्यातला पृथ्वीराज कपूर विक्राळ मुखवटा चढवून चोरीस येतात तो प्रसंग प्रेक्षकांना धरून ठेवतो, हे तुलसी व श्याम या बंधूंनी हेरले, आणि त्या एका निरीक्षणातून १९७२ सालचा 'दो गज जमीन के नीचे' जन्मास आला. कॅमेऱ्यामागे गंगू, ध्वनीला किरण, संकलनाला अर्जुन, असा पुढे सगळा कारखाना घरचाच झाला. १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'मध्ये अनिरुद्ध अग्रवाल या उंचापुऱ्या, शिक्षणाने अभियंता असलेल्या नटाने सामरी हा राक्षस उभा केला, आणि त्या सामरीत काही काळ तरी खरे भय होते. त्याच्या शापामुळे राजघराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतात. आणि बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म मानणाऱ्या समाजाला हे भय कुणी शिकवावे लागत नाही. पण ते भय मनात रुजते न रुजते तोच 'शोले'चे विडंबन करणारा जगदीपचा विनोदी फाटा मध्ये घुसतो, गाणी येतात, आणि ज्या शापाचे आपल्याला खरोखर काही वाटू लागले होते तो बाजूला पडतो. आपल्या भयावर निर्मात्याचाच विश्वास नसेल, तर प्रेक्षकाने तो का ठेवावा?

दुसरा दोष याहून मूलगामी आहे, आणि तो रामसेंपेक्षा त्यांच्या मागून आलेल्या अनुकरणकारांत अधिक आढळतो. त्यांच्या राक्षसाला कायदा नसतो. तो कशाने मरतो, कशाने मरत नाही, त्याला काय हवे आहे, याचा खुलासा लेखकाजवळच नसतो. पहिल्या अर्ध्या भागात गोळ्या पचवणारा शेवटी एका धक्क्याने दरीत पडून संपतो, कारण चित्रफीत संपत आलेली असते. आपल्या पुराणकारांना हे मर्म पक्के ठाऊक होते. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही, रात्री नाही; घरात नाही, बाहेर नाही; माणसाकडून नाही, पशूकडून नाही; आणि या अटी इतक्या काटेकोर असल्यामुळेच उंबरठ्यावरचा तो संध्यासमय इतका दुर्निवार वाटतो. १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्ये यांच्या हातातली एक बाहुली. तिची मूळ कल्पना परदेशी. परंतु तिला मारण्याची युक्ती एकच आणि ठरलेली आहे, तिचे नाव व बोलणे इथल्या मातीतले आहे, म्हणून ज्या पिढीने ती बालपणी पाहिली तिला कपाटावरच्या साध्या बाहुलीकडे पाठ करून निजणे कठीण झाले.

साधनांची टंचाई उलट कित्येकदा उपकारक ठरते. १९४२ साली व्हॅल ल्यूटन यांनी निर्मिलेल्या आणि जॅक टर्नर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'कॅट पीपल'मध्ये तरणतलावाच्या प्रसंगी श्वापद दिसतच नाही. भिंतीवर हलणारे पाण्याचे कवडसे, एक सावली आणि एक गुरगुर, एवढ्यावर काम भागते. स्वस्त राक्षसपट मात्र आपली एकुलती एक चीज, म्हणजे राक्षस, पहिल्या घटकेतच चव्हाट्यावर मांडतो, आणि चौथ्या दर्शनापर्यंत प्रेक्षक त्याच्या अंगावरचे टाके मोजू लागतो.

या विचाराची कसोटी पाहावयाची, तर पालघर जिल्ह्याइतके योग्य ठिकाण नाही. जव्हार-मोखाड्याच्या गावांतून उन्हाळ्यात बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे व लाकडाचे मुखवटे, संबळाचा ताल, रात्रीचा जागर. गणपती, नृसिंह, रावण, वेताळ, त्राटिका अशी सोंगे एकामागून एक नाचत येतात, आणि अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावे असा मान अनेक गावी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. मुखवट्याखाली कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. कोणत्याही चित्रपटनिर्मात्याला लाज वाटावी इतका हा खर्च थोडा, आणि फसवणूक तर मुळीच नाही. तरीही वेताळ समोरून येऊ लागला की पोरे आईच्या पदराआड जातात आणि म्हातारी माणसे हात जोडतात. याचे कारण असे, की तो वेताळ त्यांचा आहे. त्याला रानाच्या कोणत्या वाटेवर टाळावयाचे, कशाने शांत करावयाचे, हे त्यांना आधीपासून ठाऊक असते. मुखवटा त्यांना नवे भय विकत देत नाही, जुन्या भयाला फक्त चेहरा देतो.

आता त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे, बोईसर-तारापूरकडे वळावे; पण त्याआधी एक जपानी उदाहरण ध्यानात घ्यावे. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरील हायड्रोजन बाँबच्या राखेने जपानी मासेमारी बोटीवरचे खलाशी होरपळले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' पडद्यावर आला. जपानी मापाने तो चित्रपट स्वस्त नव्हता. राक्षस मात्र जड पोषाखात शिरलेला माणूसच होता, आणि त्याच्या पायाखाली चिरडणारी नगरी खेळण्यांची होती. प्रेक्षक हसले नाहीत, कारण जळणारे शहर त्यांनी नऊच वर्षांपूर्वी खरोखर पाहिले होते. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले; पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली; शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यातला रिअॅक्टर फुटल्याचा आवाज कित्येक किलोमीटरवरच्या घरांत ऐकू गेल्याचे प्रसंग घडले; आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के असे बसू लागले, की धुंदलवाडीच्या परिसरातली कुटुंबे थंडीत घराबाहेर निजली. डोळ्यांना न दिसणारे, वासाने ओळखू येणारे, जमिनीखालून येणारे, गाव उठवणारे, अशा नाना प्रकारच्या भयाची एवढी दौलत एका मुलखात साठलेली असता, स्वस्त भयपटाच्या लेखकाला पडक्या हवेलीपलीकडे काही सुचू नये, ही टंचाई पैशाची म्हणता येणार नाही.

या उसन्या भयाची एक बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. राक्षस कशातून उपजला हे ज्याला ठाऊक नसते, तो लेखक तयार चेहऱ्याकडे वळतो: अंगाने विद्रूप, रानात राहणारा, परक्या वेषाचा, अनोळखी भाषेचा. असा चेहरा फुकट मिळतो, म्हणून तो वारंवार वापरला जातो. समाजही भयाच्या घाईत हीच काटकसर करतो, आणि त्याची किंमत पडद्याबाहेर मोजावी लागते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, चोरट्यांच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने याच जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. त्या अफवेचे खापर मी कोणत्याही चित्रपटावर फोडीत नाही. इतकेच म्हणतो, की भय कशाचे आहे याचा शोध न घेता त्याला समोर येईल तो चेहरा चिकटवण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे. आणि सुमार राक्षसपट ती सवय मोडण्याऐवजी तिच्यावर पोट भरतो.

म्हणून हातात थोडी रक्कम असलेल्या निर्मात्याने मुखवट्याची तजवीज सर्वांत शेवटी करावी. आधी त्याने आपल्या प्रेक्षकांत जाऊन, ते रात्री कशाने दचकतात आणि ते त्यांच्या वाट्यास कुणामुळे आले, याची चौकशी करावी. या चौकशीला पैसे पडत नाहीत. वेळ आणि थोडी सहृदयता लागते. ती केल्यावरही मुखवटा हनुवटीखाली सुटला, तर प्रेक्षक त्याला खुशाल क्षमा करील.