सरवा कुणासाठी?



रूथची कथा आपण जाणतो. दुष्काळात परदेशी गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून म्हातारपणी गावी परतली. सोबत विधवा सून रूथ, तीही परक्या देशाची. दोघींचे पोट बवाजच्या शेतातल्या सरव्यावर भरले. सरवा विधवा, अनाथ व परक्यांसाठी सोडावा, असा नियमच होता. बवाजने मजुरांना मुद्दाम काही कणसे गाळायला सांगितली. नियमाने सांगितले त्याहून अधिक त्याने केले.

अमेरिकेत वृद्ध व अपंग निर्वासितांना मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य सात वर्षांनी थांबत असे. तेवढ्या काळात त्यांनी नागरिक व्हावे, ही अपेक्षा. पण उतारवयात नवी भाषा शिकून परीक्षा देणे अनेकांना जमेना. २००८ साली तिथल्या संसदेने कायदा करून ही मुदत दोन वर्षांनी वाढवली. ती सवलतही सप्टेंबर २०११ मध्ये संपली. मुदत संपली म्हणून कुणाचे म्हातारपण संपले नाही.

अमेरिका दूर आहे, असे आपण म्हणू. पण आपल्याकडे काय आहे? संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १००० चे १५०० रुपये झाले. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २५०० झाले. ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आपल्या वर्धा जिल्ह्यात परप्रांतातून मजुरीला आलेला आणि इथेच म्हातारा झालेला माणूस हा पुरावा कुठून आणणार? ज्याच्याकडे कागद आहेत, त्यालाही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या खेपा झेपत नाहीत. आणि आपण मात्र ‘ते इथले नाहीत’ म्हणून मोकळे होतो.

हेरोदाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन मरिया व योसेफ मिसर देशात गेले, तेव्हा तेही तिथले नव्हते. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली या पवित्र कुटुंबालाच सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले.

म्हणून या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या एका तरी वृद्धाची किंवा अपंगाची विचारपूस करू या. त्याचा अर्ज भरून देऊ, त्याच्यासोबत तहसीलला जाऊ. जो नियमात बसत नाही, त्याच्यासाठी आपल्या ताटातला घास काढून ठेवू.

हे प्रभो, परक्याच्या चेहऱ्यात तुला ओळखण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.