हत्यार कोणाच्या पैशाचे?

आमचे कबनूर इचलकरंजीच्या वेशीला लागलेले गाव. मागांची खटखट येथे बारमाही असते. उन्हाळा जवळ आला की तिच्यात भिंतींना भोके पाडणाऱ्या ड्रिलचा आवाज मिसळू लागतो. पूर्वी एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा सराफाच्या पेढीवर दिसणारे वातानुकूलन यंत्र आता साध्या घरांतही आले आहे. गेल्या एप्रिलमध्ये, आईच्या दुखण्याचे निमित्त होऊन, ते आमच्याही घरी आले. यंत्राची किंमत दुकानात भरली. ती छापलेली होती. तेथे मला तोंड उघडता आले नाही. बसवण्याची मजुरी मात्र मिस्त्रींशी बोलून ठरवायची होती. तेथे मी तोंड उघडले आणि तीनशे रुपये कमी करून घेतले. त्या वेळी मला त्यात व्यवहारचातुर्याखेरीज काही दिसले नाही.

मिस्त्री आले. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा मदतनीस. कापडी पिशवी फरशीवर रिकामी झाली : पक्कड, तीन-चार स्क्रू-ड्रायव्हर, दोन पाने, नळी कापायचे कटर, गॅसचा दाब मोजायचे गेज आणि फ्लेअरिंग टूल. यंत्राचे आतले व बाहेरचे भाग तांब्याच्या नळ्यांनी जोडलेले असतात. नळीचे टोक कर्ण्याच्या तोंडासारखे फाकवून नटात बसवावे लागते. ते काम या शेवटच्या हत्याराचे. मिस्त्रींनी टोक फाकवले, कडेवरून बोट फिरवले, मान हलवली आणि ते कापून टाकले. दुसऱ्यांदा फाकवले, पुन्हा कड चिरली. तिसऱ्या वेळी जमले, निदान जमल्यासारखे दिसले. मी सहज विचारले, तेव्हा म्हणाले, "काका, ह्याचा कोन झिजलाय. सीझन संपू दे, मग नवीन घेतो."

बाहेरचा भाग दुसऱ्या मजल्याच्या मागच्या भिंतीवर बसवायचा होता. पिशवीच्या तळाशी सुरक्षेचा पट्टा होता. पण त्याची शिवण उसवलेली, आणि तो अडकवायला आमच्या भिंतीत काहीच नव्हते. पोराने कमरेला नायलॉनची दोरी बांधली, मिस्त्रींनी ती खिडकीच्या गजातून घेऊन स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि पोरगा बाहेर उतरला. मी चहाचे सांगायला आत गेलो. खरे म्हणजे पाहवेना म्हणून गेलो.

जूनमध्ये गार हवा येईनाशी झाली. त्याच सांध्यातून गॅस हळूहळू गळून गेला होता. मिस्त्रींनी येऊन सांधा पुन्हा केला, गॅस भरला आणि त्याचेही पैसे घेतले नाहीत. "आमच्याच कामाची चूक," एवढेच म्हणाले. गॅसची किंमत मला ठाऊक होती. ती तीनशे रुपयांच्या फार पुढे जाते. मी वाचवलेले पैसे कोणाच्या खिशातून आले, हे त्या दिवशी माझ्यापुढे फारच स्पष्टपणे मांडले गेले.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण कामकऱ्याच्या तोंडावर फेकतो. हत्याराबद्दल कुरकुर करणारा कारागीर कच्चा, असे आपले मत असते. पण अंगण खरोखरच वाकडे असू शकते, आणि ते कोणी वाकडे ठेवले हा प्रश्न म्हण विचारत नाही.

या गावाला हत्यारांची पारख नाही, असे मुळीच नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. त्या एका मागाचे पुढे गाव झाले आणि गावाबाहेर पसरत ते आमच्यापर्यंत आले. माग दुरुस्त करणारा जॉबर पाना घेताना तो नटावर बसवून हलवून पाहतो. जबड्यात खेळ वाटला की मुकाट्याने परत ठेवतो, कारण सैल पाना आधी नटाचे कोपरे खातो आणि मग निसटून बोटे फोडतो. ही विद्या वातानुकूलनाच्या धंद्यालाही जशीच्या तशी लागू आहे. फरक इतकाच, की मागाचा दोष लगेच कापडावर उमटतो आणि येथील दोष दोन-तीन महिने दडून राहतो.

म्हणूनच या धंद्यात कोणते हत्यार चांगले घ्यावे आणि कोठे काटकसर चालेल, याला महत्त्व येते. पिशवी साधी असो, हातोडी कोणाचीही असो; काही बिघडत नाही. फ्लेअरिंग टूलचा कोन मात्र नेमका पंचेचाळीस अंशांचा आणि गुळगुळीत हवा. कटरचे चाक बोथट झाले की नळी कापली न जाता चेपली जाते, आणि चेपलेल्या नळीचे टोक कितीही चांगल्या टूलने नीट फाकत नाही. नट किती आवळायचा, हेही मनगटाच्या अंदाजावर सोडण्याचे दिवस राहिले नाहीत. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ नावाचा वायू असतो. जुन्या आर-२२ पेक्षा त्याचा दाब दीडपटीहून अधिक आणि तो काही प्रमाणात ज्वालाग्राहीही आहे. जुन्या दाबासाठी बनवलेली गेज व त्यांच्या रबरी नळ्या त्याला लावणे म्हणजे स्वतःच्या तोंडाशी धोका धरणे होय.

स्क्रू-ड्रायव्हरची गोष्ट आणखी निराळी. मुठीला प्लास्टिक आहे म्हणून तो विजेपासून वाचवतो, असा सर्रास समज आहे. खरोखर विद्युत्‌रोधक असलेल्या हत्यारावर १००० व्होल्टचा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण असते, आणि दांड्यावरही टोकाजवळपर्यंत आवरण असते. यंत्राचे बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. आपण बाहेर 'बंद केले हो' म्हणून ओरडतो, पण आत हात घालणाऱ्याचे रक्षण तेवढ्याने होत नाही.

सर्वांत महाग आणि सर्वांत सहज टाळले जाणारे साधन म्हणजे व्हॅक्यूम पंप. नळ्यांतील हवा आणि ओल काढून टाकण्यासाठी तो लावतात. दाब पुरेसा उतरला की पाणी थंड असतानाच उकळून वाफ होते आणि बाहेर ओढले जाते. याला वेळ लागतो. ज्याच्याकडे पंप नाही, किंवा ज्याला त्याच दिवशी आणखी चार घरे करायची आहेत, तो थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा ढकलतो आणि झाले म्हणतो. ओल आत राहते, तेलात मिसळते, आणि यंत्र वेळेआधी मरते. गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देते. गळती शोधण्यासाठी नायट्रोजन वापरावा. तो सिलिंडर जवळ नाही म्हणून कोणी वेल्डिंगचा ऑक्सिजन जोडला, तर कॉम्प्रेसरमधील तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. यात माणसे मरतात. या ठिकाणी चांगल्या साधनाचा प्रश्न काटकसरीच्या वहीतून निघून पाचव्या आज्ञेच्या कक्षेत जातो, असे मला वाटते.

आणि गळून गेलेला गॅस कोठे जातो? एक किलो आर-३२ हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हानिकारक उपभोगाचे उदाहरण म्हणून वातानुकूलनाच्या वाढत्या वापराकडेच बोट दाखवले होते. माझी खोली गार व्हावी म्हणून झिजलेल्या कोनाच्या हत्याराने केलेल्या सांध्याचा ताप, ज्यांच्या घरी पंखाही नाही, त्यांना वाटून दिला जातो.

पवित्र शास्त्रात हत्यारांविषयी जे आहे, ते आपण प्रवचनात फारसे ऐकत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेण्यास मनाई आहे. कारण असे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे. घर, शेत, दागिना यांविषयी नियमशास्त्र इतके हळवे होत नाही. ज्याच्यावर रोजची भाकरी अवलंबून, ती वस्तू इतर मालमत्तेसारखी नाही, हे त्यामागचे तत्त्व. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात यार्देनकाठी लाकडे तोडणाऱ्या एका शिष्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडते. तो आक्रोश करतो, आणि त्याच्या आक्रोशाचे कारण एकच : कुऱ्हाड मागून आणलेली होती. अलीशा संदेष्टा ते पाते पाण्यावर तरंगवतो. एका गरिबाच्या उसन्या हत्यारासाठी देवाने निसर्गाचा नियम बाजूला सारला, ही गोष्ट मला लहानपणी किरकोळ वाटे. आता वाटत नाही. आमच्या मिस्त्रींचा व्हॅक्यूम पंपही उसना असतो, हे मला मागाहून कळले.

१९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात श्रमाला भांडवलाहून वरचे स्थान दिले. अगदी साध्या अवजारापासून अद्ययावत यंत्रापर्यंत सर्व साधने पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसांच्या श्रमातून घडली आहेत, म्हणून साधन माणसासाठी असते, असा त्यांचा विचार. पण आमच्याकडच्या व्यवहारात एक विचित्र उलथापालथ झाली आहे. यंत्र विकणारा नफा घेतो, यंत्र वापरणारा गारवा घेतो. आणि ते बसवायला लागणारी हत्यारे, शिडी, हातमोजे व पट्टा यांचा खर्च त्या साखळीतील सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाने आपल्या पोटाला चिमटा घेऊन करायचा. मदतनीसाला तर तोही अधिकार नाही. तो दुसऱ्याच्या दोरीवर लटकतो.

त्या पोराकडे पाहताना मला तुरिनमधील एका करारपत्राची आठवण होते. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एक सुतार आणि त्याचा उमेदवार मुलगा यांच्यात झालेल्या करारावर संत जॉन बॉस्को यांनी स्वतः सही केली. मुलाला चूक दाखवायची ती शब्दांनी, हात उगारून नव्हे. धंद्याबाहेरची किंवा ताकदीबाहेरची कामे सांगायची नाहीत. सणाचे दिवस मोकळे द्यायचे. प्रार्थना शिकवून ते थांबले नाहीत, मालकाकडून लिहून घेतले. आमच्या धर्मग्रामात आम्ही १ मे रोजी कामकरी संत योसेफाचा सण पाळतो. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी तो सुरू केला. त्या दिवशी हत्यारे वेदीजवळ ठेवून त्यांना आशीर्वाद दिला, तर मला आनंदच होईल. मात्र आशीर्वादाने उसवलेली शिवण शिवली जात नाही.

यावर एक आक्षेप माझ्याच मनात आला, आणि तो सोपा नाही. मी तीनशे रुपये कमी केले नसते, तर मिस्त्रींनी त्यांचे फ्लेअरिंग टूल घेतले असते काय? कदाचित मुलीची फी भरली असती, कदाचित घरभाडे. आणि तो त्यांचा हक्क आहे. योग्य मजुरी देताना ती कोठे खर्च करावी, हे सांगण्याचा अधिकार मला मिळत नाही. मग जादा पैशाऐवजी वस्तूच द्यावी काय? त्यात दातृत्वाचा वास येतो, आणि मिस्त्रींसारखा मानी माणूस तो लगेच ओळखतो. दुसरेही खरे आहे, की चांगला पट्टा असूनही तो न वापरणारे कारागीर पुष्कळ आहेत. घाई असते, सवय नसते, मित्र हसतात. या सर्व गोष्टींचा दोष गिऱ्हाइकावर टाकणे अन्यायाचे होईल.

पण एक गोष्ट अशी उरते, की जिची जबाबदारी मला कोणावरच ढकलता येत नाही. भिंत माझी आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, असे सांगितले आहे. नाही तर कोणी पडला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. पडणारा निष्काळजी होता काय, हे तेथे विचारलेले नाही. घरमालकाने आधी कठडा बांधायचा. पट्टा कितीही चांगला असला, तरी तो अडकवायला जागा नसेल, तर तो पिशवीच्या तळाशीच राहणार.

म्हणून पावसाळा संपल्यावर मी गवंडी बोलावला आणि खिडकीच्या वर लोखंडी कडी बसवून घेतली. दिवाळीनंतर मिस्त्री यंत्र धुवायला आले. या खेपेस त्यांनी सांगितलेली मजुरी मी तशीच मान्य केली होती. बरोबर तोच पोरगा होता. मी मोठ्या उत्साहाने कडी दाखवली. मिस्त्रींनी ती हाताने ओढली, भोवतीचा सिमेंट नखाने खरवडून पाहिला, मग पान्याने हलकेच ठोकले आणि आवाज ऐकला. "काका, हे नुसत्या विटेत बसवलंय," ते म्हणाले. "माणूस पडला की त्याचा हिसका वजनाच्या कितीतरी पट येतो. ही कडी विटेसकट बाहेर येईल. वरच्या बीममध्ये बसवा, आरपार बोल्ट टाकून."

गवंड्याशीही मी घासाघीस केली होती, हे मी त्यांना सांगितले नाही. त्या दिवशी यंत्राचा बाहेरचा भाग त्यांना धुऊ दिला नाही. बीमला भोक पाडणारा माणूस सोमवारी येणार आहे.