एकाच खोक्यातील दोन दर



गेल्या रमजानमध्ये आमच्या मस्जिदीबाहेर खजूर विकणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मला बाजूला घेऊन एक मसला विचारला. एकाच खोक्यातील खजूर ते दोन प्रकारे मांडत. निम्मा उघड्या टोपलीत, २०० रुपये किलो. निम्मा सोनेरी डब्यात, ४०० रुपये किलो. "मौलाना, डब्यातला आधी संपतो. हा उंची माल दिसतो, असे लोकच म्हणतात. मी तसे म्हणत नाही, नुसता गप्प राहतो. यात गुनाह आहे का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. चढा दर लावणे हेच काही हराम नव्हे. मदीनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली नाही. भाव ठरविणारा अल्लाह आहे. कोणाच्या मालमत्तेवर अन्याय केल्याचा दावा घेऊन मला त्याच्यासमोर उभे राहायचे नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

चांगल्या मालाला चांगली किंमत मिळावी, हेही शरीअतला मान्य आहे. येथे खजुराचाच एक प्रसंग आठवतो. हजरत बिलाल (रजि.) यांनी प्रेषितांसाठी उत्तम 'बरनी' खजूर आणला. विचारणा होताच त्यांनी सांगितले की, हलक्या खजुराची दोन मापे देऊन याचे एक माप घेतले. प्रेषितांनी हे व्याज ठरवून मनाई केली आणि मार्ग दाखविला: हलका खजूर आधी विकावा, आलेल्या पैशांतून उत्तम खजूर घ्यावा. मला यातून असे उमगते की, दर्जातील फरक उघड्या बाजारात, किमतीच्या भाषेत सांगितला जावा. मग जेथे दर्जात फरकच नाही, तेथे किमतीने तो सांगावा काय?

"पण मी बोललोच नाही," असे ते गृहस्थ पुन्हा म्हणाले. बाजारातील धान्याच्या त्या ढिगाचा मालकही बोलला नव्हता. प्रेषितांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे कारण त्याने दिले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले. आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे प्रेषितांनी बजावले. तेथे वरचा कोरडा थर बोलत होता. येथे चारशेचा आकडा बोलतो.

अर्थात, त्या आकड्यावर विश्वास टाकणारे आपणच. इफ्तारीला व्याही येणार असले की खजूर चाखून घेण्याऐवजी आपण डबा पाहून घेतो!

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष सांगायचे विसरून विकले. ग्राहक कोण, हेही आठवेना. इमामांनी आलेली सारी रक्कम दान केली. भागीदाराची केवळ विसर पडली होती.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "डब्याचे पैसे जरूर घ्या, मात्र खजूर तोच आहे, हे सांगून घ्या." दुसऱ्या दिवसापासून ते सांगू लागले. ईदच्या आदल्या रात्री भेटले, तेव्हा बरेचसे डबे तसेच पडून होते. "नुकसान झाले, मौलाना," ते म्हणाले. मी होय म्हटले आणि टोपलीतला एक किलो खजूर घेतला.