पायरीचा विचार

माणसाची बुद्धी एकाएकी पिकत नाही, पायरीपायरीने पिकते, ही गोष्ट आपल्या शास्त्रांना नवी नाही. योगवासिष्ठात शुभेच्छेपासून तुर्यगेपर्यंत ज्ञानाच्या सात भूमिका सांगितल्या आहेत. समर्थांनी दासबोधात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध असे चार वर्ग केले. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी व ज्ञानी असे चार भक्त उभे आहेत. तेव्हा पश्चिमेकडील पंडितांनी गेल्या दोनशे वर्षांत हाच विषय हाती घेतला, आणि मुलाची, प्रौढाची व अखेर सबंध समाजाची जगाकडे पाहण्याची दृष्टी कोणकोणत्या अवस्थांतून जाते याची कोष्टके मांडली, म्हणून वारकऱ्याने बिचकण्याचे कारण नाही. मात्र कोष्टक हाती आले की माणूस त्याचे काय करतो, हे पाहिले पाहिजे.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. आमच्या ऐकण्यातला एक माळकरी गृहस्थ. तीन पिढ्यांची वारी. मुलगा पुण्यास शिकतो. सुट्टीत घरी आला आणि म्हणाला, "अण्णा, तुमची वारी म्हणजे माणसाच्या जातीचं लहानपण आहे. जग पुढच्या पायरीवर गेलं, तुम्ही खालीच राहिलात." बाप रागावला नाही, मारलेही नाही. त्या दिवसापासून मुलाशी बोलेनासा झाला एवढेच. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला झाल्यावर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "महाराज, पोरगं हुकलं का हो माझं?" या प्रश्नाला घाईने उत्तर देता येत नाही. मुलगा जे बोलला ते त्याच्या पोटचे नव्हते. ते एका मोठ्या फ्रेंच पंडिताचे होते, हे त्या मुलालाही बहुधा ठाऊक नसावे.

पण आधी लेकरांपासून सुरुवात करू. स्वित्झर्लंडात झां पियाजे (1896–1980) नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने जन्मभर मुलांकडे पाहिले, आपल्या स्वतःच्या तिन्ही लेकरांकडे तर फारच. त्याचा एक प्रयोग कोणत्याही घरात करून पाहता येईल. दोन सारखे पेले घ्यावे, दोहोंत सारखे पाणी भरावे, मुलाला विचारावे. मूल म्हणते, सारखे आहे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतावे. पाच वर्षांचे मूल लगेच म्हणते, यात जास्त झाले! थेंब वाढला नाही, सांडला नाही, तरी जास्त. का? तर पाण्याची पातळी उंच दिसते. सात-आठ वर्षांचे मूल हसते आणि म्हणते, हे काय विचारता, तेच तर पाणी आहे. मधल्या काळात त्याला कोणी हा पाठ दिलेला नसतो. बुद्धीच पालटते, आणि पालटली की मागची दृष्टी कशी होती हे त्या मुलाला आठवतही नाही.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात धरावी. पाच वर्षांचे मूल खोटे बोलत नाही, आणि ते मूर्खही नाही. त्या भूमिकेवरून जसे दिसते तसे ते सांगते. त्याला दटावून पुढची पायरी येत नाही. पाणी पुन्हा पुन्हा ओतू द्यावे, खेळू द्यावे, मग येते.

आमच्या मते या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर पाठ तैत्तिरीयोपनिषदात आहे. भृगु आपल्या पित्याकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण एक खूण सांगतो: ज्यातून ही भूते जन्मतात, ज्याने जगतात, ज्यात विलीन होतात, ते शोध. भृगु तप करतो आणि त्याला कळते की अन्न हेच ब्रह्म. येऊन बापाला सांगतो. आता बाप काय म्हणतो पाहा. चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. तपाने जाणून घे, एवढेच म्हणतो. पोरगा पुन्हा जातो. प्राण हे ब्रह्म. पुन्हा तेच उत्तर. मन, मग विज्ञान, प्रत्येक वेळी तेच. शेवटी त्याला आनंद हे ब्रह्म असे कळते आणि त्यानंतर तो विचारायला येत नाही. पाच पायऱ्या, आणि एकाही पायरीवर बापाने मुलाचा उपहास केला नाही. त्याला हाताला धरून वर ओढलेही नाही.

पुष्कळ प्रवचनकार ही वल्ली येथेच संपवतात. ती येथे संपत नाही. आनंदापर्यंत पोहोचल्यावर लगेच व्रत सांगितले आहे, आणि ते व्रत कोणते? तर अन्नाची निंदा करू नये. अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ पिकवावे, दारी आलेल्याला परत लावू नये. अहो, अन्न ही तर सर्वांत खालची पायरी होती! ती ओलांडून हा वर गेला, आणि वर गेल्यावर त्याला पहिली आज्ञा मिळाली ती त्या खालच्या पायरीचा मान राखण्याची. आमच्या गुरूंनी पाठशाळेत हा भाग शिकवला तेव्हा ते या ठिकाणी बराच वेळ थांबले होते, हे आम्हाला आजही स्मरते.

आता तो फ्रेंच पंडित. ऑग्युस्त कोंत त्याचे नाव. 1830 ते 1842 या बारा वर्षांत त्याने सहा खंडांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात तीन अवस्थांचा नियम मांडला. मानवजात प्रथम देवधर्माच्या अवस्थेत असते. वीज कडाडली की म्हणते देव कोपला. मग तात्त्विक अवस्था येते. देवाच्या जागी अमूर्त शक्ती, तत्त्वे असे शब्द येतात. शेवटी शास्त्रीय अवस्था; मूळ कारणाचा नाद सोडून माणूस निरीक्षणाने नियम शोधतो. प्रत्येक माणूसही लहानपणी देववादी, तरुणपणी तत्त्ववादी आणि प्रौढपणी शास्त्रवादी असतो, असे त्याचे म्हणणे. पुण्यातल्या मुलाच्या तोंडी जे आले त्याचे मूळ हे.

कोंतचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. क्लोतिल्द नावाच्या एका बाईवर त्याची निष्ठा जडली. 1846 साली ती निवर्तली. त्यानंतर या शास्त्रवाद्याने मानवतेचा एक नवा धर्मच काढला! त्यात पुरोहित आले, संस्कार आले, नित्याची प्रार्थना आली. 28 दिवसांचा एक असे तेरा महिन्यांचे पंचांग आले आणि महिन्यांना मोझेस, होमर, अॅरिस्टॉटल अशी थोरांची नावे दिली. लोक हसले. आम्हाला हसू येत नाही. देवधर्माला बालपण ठरवून तो पुढे निघाला, आणि दुःखाचा घाव बसताच हात जोडायला जागा शोधू लागला, इतकेच यात दिसते.

पण कोष्टक एकदा बाहेर पडले की ते मांडणाऱ्याच्या हाती राहत नाही. एका माणसाला लावलेली पायरी सबंध देशाला लावली की काय होते? इंग्लंडातल्या जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला. ग्रंथ थोर आहे, आपल्या सुधारकांनीही तो आदराने वाचला. पण त्यातच त्याने म्हटले की हे स्वातंत्र्याचे तत्त्व अज्ञान मुलांना लागू नाही, आणि जे समाज अजून मागासलेल्या, बाल्याच्या स्थितीत आहेत त्यांनाही नाही. त्यांच्यावर हेतू सुधारणेचा असेल तर एकतंत्री सत्ता चालेल. हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत 1823 ते 1858 अशी पस्तीस वर्षे नोकरीस होता. म्हणजे हे लेकरू कोण ते वेगळे सांगायला नको. ज्या देशात भृगुवल्ली शेकडो पिढ्या पाठ होत होती तो देश पाळण्यात, आणि कंपनीचा कारकून त्याचा पालक! पायरीचे शास्त्र असे वापरता येते.

तिकडच्याच लोकांनी पुढे या शास्त्रातली खोट दाखवली, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्गने नीतिबुद्धीच्या सहा पायऱ्या मांडल्या. 1958 च्या त्याच्या मूळ अभ्यासात प्रश्न विचारले ते सगळे मुलग्यांनाच. मग त्या मापाने बायका वारंवार खालच्या पायरीवर येऊ लागल्या. कारण नियम काय सांगतो यापेक्षा कोणाचे मन दुखावेल, कोणाला कोण सांभाळील, असा विचार त्या करीत. 1982 साली कॅरोल गिलिगन या विदुषीने पुस्तक लिहून विचारले, बाई कमी पडते की तुमचा गज?

हे वाचताना आम्हाला तेर गावचा प्रसंग आठवला. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. कोपऱ्यात थापटणे पडले आहे. हे काय, म्हणून विचारते कोण? मुक्ताई, सर्वांत धाकटी. काका म्हणतात, मडके कच्चे की भाजलेले ते याने कळते. मुक्ताई म्हणते, मग आम्हीही मडकीच, आम्हाला तपासा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सगळे स्वस्थ. नामदेवराय तेवढे कळवळतात, रागावतात, आणि हे मडके कच्चे ठरते. कीर्तनात येथे हशा पिकतो. पिको बापडा. पण ज्या सभेत परीक्षेची गोष्ट काढायचा अधिकार एका पोरीला होता, त्या सभेचा गज निराळा होता. आणि कुंभार कच्चे मडके उकिरड्यावर टाकीत नाही, आव्यात घालतो. नामदेवरायांना पांडुरंगाने विसोबा खेचरांकडे धाडले तो हाच आवा.

अमेरिकेतच जेम्स फाउलर (1940–2015) नावाच्या एका पाद्र्याने श्रद्धेच्याच पायऱ्या शोधल्या. लहान मुलांपासून चौऱ्याऐंशी वर्षांच्या वृद्धांपर्यंत 359 मुलाखतींचा आधार घेऊन 1981 साली त्याने सहा पायऱ्या मांडल्या. त्या आमच्या भाषेत सांगतो. वारीचे उदाहरण आमचे, त्याचे नव्हे. बापाच्या खांद्यावर बसून पालखी पाहणारे मूल नुसते रंग आणि चित्रे पाहते. जरा मोठे झाले की कथा अक्षरशः खरी मानते; देव चांगल्याला देतो, वाइटाला मारतो. मग आमच्या घराण्यात वारी आहे म्हणून माळ घालतो. चारचौघांची श्रद्धा तीच आपली. चौथ्या पायरीवर प्रश्न येतात. वीट म्हणजे काय, उभा कोण, मी कशासाठी चालतो? येथे पुष्कळांची वारी सुटते. पाचवी पायरी बहुधा चाळिशीच्या अलीकडे येत नाही. तेथे माणूस प्रश्न न टाकता पुन्हा विटेपुढे येतो. अर्थ कळलेला असतो आणि तरी डोळे भरतात. हे दुसरे भोळेपण. सहावीवर क्वचितच कोणी. उदाहरण म्हणून त्याने गांधीजींचे नाव घेतले.

फाउलरची माणसे बहुतेक अमेरिकेतली, ख्रिस्ती नाहीतर यहुदी घरांतली, म्हणून ते कोष्टक जसेच्या तसे आमच्या माथी कोणी मारू नये. परंतु वरच्या पायरीचा माणूस खालच्यापेक्षा अधिक मोलाचा असे समजू नका, असे त्याने बजावले, यासाठी आम्ही त्याला मानतो. भगवंतांनीही ज्ञानी भक्ताला आपला आत्मा म्हटले, पण त्याआधी चौघांनाही उदार म्हटले आहे. पोट दुखते म्हणून हाका मारणाऱ्या आर्ताला देखील.

त्या माळकरी गृहस्थाला आम्ही इतकेच म्हणालो, "पोरगं हुकलं नाही. चौथीवर आहे. तुम्ही वरुणासारखं करा, रुसू नका. तो घरी येईल तेव्हा दार लोटलेलं नसावं." त्याला पटले की नाही, ठाऊक नाही. मान हलवून गेला. मुलगा भेटला तर त्यालाही विचारणार आहोत, बाबा, अन्नाची निंदा न करण्याची पायरी तुझ्या पुस्तकात कितवी?

आणि समाजाची पायरी म्हणाल, तर ती सगळ्यांची एकदम चढत नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी हुडकून पंढरीस आणल्या त्या कच्च्या ठरलेल्या नामदेवरायांनी. चौदाव्या शतकातली ही गोष्ट. त्यानंतर सहाशे वर्षे गेली. आगगाडी आली, तारायंत्र आले, विद्यापीठे निघाली, आणि तरी चोखोबांच्या लेकरांना विठोबाचे दार उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. वर कोण होते आणि खाली कोण, हे कोंतच्या कोष्टकात कोठे बसवावे?

नामदेवरायांनी स्वतः काय मागितले ते महाद्वारी दिसते. संतांची पायधूळ मस्तकी पडावी म्हणून ते पायरी होऊन राहिले, समोर चोखोबांची समाधी आहे. त्यांची इच्छा पाय लागावेत अशी होती. पण आषाढीच्या गर्दीत देखील वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही, वाकून हात लावतो आणि ओलांडून आत जातो.