पोकळीची ओळख

त्रिकोण काढायचा, बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे, मधला त्रिकोण रिकामा सोडायचा आणि उरलेल्या तिघांवर पुन्हा तेच करायचं. पोलिश गणिती शेरपिन्स्की यांनी १९१५ मध्ये मांडलेली ही आकृती शाळकरी पोरही वहीत काढेल. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात आलेख-रूपांतरणाच्या अभ्यासकांनी आपापली सॉफ्टवेअर ताडून पाहायला हीच निवडली. इथे आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रूपांतरण म्हणजे अमुक तुकडा सापडला की त्याच्या जागी तमुक बसवायचा, हा नियम.

अशी एकेक फेरी म्हणजे एक पिढी; दर पिढीला त्रिकोण तिप्पट होतात. दहाव्या पिढीत ५९,०४९, आणि पंधराव्या पिढीत नुसत्या रेषाच चार कोटी तीस लाखांवर. वेग आणि स्मरणशक्ती दोन्हींचा कस लागतो. मला मात्र कोण पहिलं आलं यापेक्षा नियम लिहिताना काय होतं ते जास्त मोलाचं वाटतं.

'तीन बिंदू एकमेकांना जोडलेले दिसले की फोडा' एवढंच यंत्राला सांगितलं, तर ते मधली पोकळीही फोडतं. तिलाही तीन बिंदू आणि तीन रेषा आहेतच! कागदावर आपल्याला रिकामी जागा दिसते. आलेखात रिकामं असं काही नसतं. रेषांना बाण दिले तरी भागत नाही, कारण पोकळीभोवतीचे बाणही वर्तुळच पुरं करतात. बाणांना अ, ब, क अशी नावं दिली की मग फरक उमटतो: भरीव त्रिकोण अ-ब-क असा फिरतो, पोकळी अ-क-ब. जे डोळ्यांना आपोआप कळतं, ते इथे शब्दांत मांडावं लागतं.

दुसरी अडचण काळाची. नियम एकेक करून लावला, तर नुकताच जन्मलेला त्रिकोण त्याच फेरीत पुन्हा फुटू शकतो. पिढीची खूण वेगळी ठेवावी लागते. एका भाषेला मात्र ही अडचण येत नाही. जर्मनीतल्याच कोटबुस शहरात घडलेली एक्सएल ही संगणकभाषा वनस्पतींच्या वाढीचं चित्र उभं करण्यासाठी केलेली. तिच्या मुळाशी जीवशास्त्रज्ञ लिंडेनमायर यांची १९६८ची कल्पना आहे: सगळ्या पेशी एकदमच बदलतात. तिथे पिढी वेगळी सांगावी लागत नाही.

तरीही ही कसोटी एका ठिकाणी फार सोपी आहे. शेरपिन्स्कीच्या आकृतीत प्रत्येक रेषा एकाच भरीव त्रिकोणाच्या मालकीची असते, त्यामुळे शेजाऱ्यांचं भांडण होतच नाही. मधला त्रिकोणही भरीव धरून पाहा. मग आतली रेषा दोघांची होते, आणि दोघे एकाच वेळी तिच्यावर आपापला मध्यबिंदू ठेवतात. जाळं तिथे उसवतं. पुलावरचा ताण मोजताना अभियंते अशीच सामाईक रेषांची जाळी बारीक करत जातात. ती जाळी या सॉफ्टवेअरांपुढे ठेवलेली मला पाहायची आहे.